जागतिकीकरण, शेतमालाचा व्यापार आणि विदर्भाची काळी माती

नागपूरच्या रेल्वे स्थानकापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या कॉटन मार्केटमध्ये आज कापूस मिळत नाही. तेथे भाजीपाल्याचा बाजार भरतो. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली एम्प्रेस मिल ज्या जागेवर उभी होती, तेथे आता मॉल आहे. कापूस शहरातून गेला, पण शहराभोवतालच्या शिवारातून तो गेलेला नाही. नागपूर, वर्धा, यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांत आजही मृग नक्षत्राच्या पावसानंतर पहिला विचार होतो तो कपाशीच्या लागवडीचा. राज्यात सुमारे ४० लाख हेक्टरवर हे पीक घेतले जाते आणि देशातील कापूस क्षेत्राचा जवळपास तिसरा हिस्सा महाराष्ट्रात आहे.

या पिकाचा भाव मात्र हिंगणघाट, यवतमाळ किंवा अकोल्याच्या बाजारात ठरत नाही. न्यूयॉर्कच्या वायदेबाजारातील दर, चीनची खरेदी, अमेरिकेचे अनुदान, ब्राझीलचे उत्पादन आणि दिल्लीतील आयात-निर्यातीचे आदेश यांच्या बेरीज-वजाबाकीतून तो ठरतो. शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावावर या साखळीचा काय परिणाम होतो, याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली. हीच साखळी माती, पाणी, कीटक आणि माणसाचे आरोग्य यांवर काय परिणाम करते, हा प्रश्न तुलनेने मागे राहिला. जागतिक व्यापार आणि पर्यावरणाची शाश्वतता यांचे नाते समजून घ्यायचे असेल, तर विदर्भासारखी प्रयोगशाळा दुसरी सापडणे कठीण.

व्यापार आणि पर्यावरण : सिद्धांत काय सांगतो

डेव्हिड रिकार्डो याने १८१७ मध्ये तुलनात्मक लाभाचा सिद्धांत मांडला. ज्या प्रदेशाला जे पीक तुलनेने स्वस्तात घेता येते ते त्याने घ्यावे, उरलेले इतरांकडून विकत घ्यावे, म्हणजे सर्वांचाच फायदा होतो, असे त्याचे सार. या हिशेबात एक गोष्ट मात्र धरलेली नसते. पीक स्वस्तात निघते म्हणजे नेमके कशाच्या जोरावर? माती झिजली, भूजल आटले, मजुराच्या फुफ्फुसात विष गेले, तरी बाजारभावात त्याची नोंद होत नाही. जो खर्च कोणीच भरत नाही, तो वस्तू स्वस्त करतो. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात.

जीन ग्रॉसमन आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी १९९१ मध्ये उत्तर अमेरिकेतील मुक्त व्यापार कराराचा अभ्यास करताना या प्रश्नाची तीन भागांत विभागणी केली. व्यापार वाढला की उत्पादनाचे प्रमाण वाढते आणि नैसर्गिक साधनांवरचा ताणही वाढतो, हा पहिला परिणाम. कोणत्या प्रदेशात कोणते पीक किंवा उद्योग राहील याची रचना बदलते, हा दुसरा. नवे तंत्र आणि कडक निकष एका देशातून दुसऱ्या देशात जातात, हा तिसरा. पहिला परिणाम बहुधा हानिकारक, तिसरा बहुधा उपकारक आणि दुसरा परिस्थितीनुसार कोणत्याही बाजूला झुकणारा असतो. विदर्भात हे तिन्ही परिणाम दिसतात. पण पुस्तकात असतात तितके सुटेसुटे नाहीत.

१ जानेवारी १९९५ रोजी अस्तित्वात आलेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या स्थापना कराराच्या प्रास्ताविकात शाश्वत विकासाचा उल्लेख आहे. १९८७ चा ब्रुंटलँड आयोगाचा अहवाल आणि १९९२ ची रिओ परिषद यांची ती छाया होती. शेतीविषयक करारात मात्र भर राहिला तो आयातशुल्क, अनुदाने आणि बाजारपेठ खुली करणे यांवर. पर्यावरणासाठी दिलेल्या मदतीला करारात मोकळीक ठेवण्यात आली. पण ती मदत देण्याची ऐपत मुख्यतः श्रीमंत देशांकडेच होती.

लँकेशायरची गरज, वऱ्हाडचे शिवार

विदर्भाचे जागतिकीकरण १९९१ किंवा १९९५ मध्ये सुरू झाले, असे मानण्याचा प्रघात आहे. प्रत्यक्षात ते त्याच्या सव्वाशे वर्षे आधीच सुरू झाले होते. इंग्रजांनी १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार घेतला आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेवाचून दुसरीकडून कापूस मिळावा, यासाठी मँचेस्टरमध्ये १८५७ सालीच एक संस्था स्थापन झाली होती. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस बंद झाला आणि इंग्लंडचे डोळे वऱ्हाडकडे लागले. कापसाचे भाव गगनाला भिडले. १८६५ मध्ये युद्ध संपताच ते कोसळले. तेजीत पेरावे आणि मंदीत विकावे लागावे, हा विदर्भातील शेतकऱ्याचा अनुभव तेव्हापासूनचा आहे.

१८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपुरात पोहोचली. त्याच सुमारास मध्य प्रांत आणि वऱ्हाडसाठी कापूस आयुक्त हे स्वतंत्र पद निर्माण करण्यात आले. रुळांमुळे कापूस मुंबईच्या बंदरापर्यंत आणि तेथून लिव्हरपूलपर्यंत जाऊ लागला. गायरान आणि पडीक जमिनी नांगराखाली आल्या, ज्वारीच्या शेतांत कपाशी शिरली, रेल्वेसाठी आणि इंधनासाठी जंगले तुटली. गाठोडे बांधून धान्य विकत आणणारा शेतकरी तोवर या भागात विरळा होता. आता तो सर्रास दिसू लागला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी या बदलाची किंमत वसूल केली. कापसाचा पैसा असलेल्या प्रदेशातही माणसे अन्नावाचून मेली.

तरीही त्या काळच्या शेतीला एक नैसर्गिक मर्यादा होती. तेव्हाचा देशी कापूस आखूड धाग्याचा असला, तरी खोल मुळांचा, कमी दिवसांत येणारा आणि रसशोषक किडींना बऱ्यापैकी तोंड देणारा होता. त्यात तूर असे, शेजारी ज्वारी असे. ज्वारीचा कडबा जनावरांना, जनावरांचे शेण जमिनीला, असे चक्र चालू होते. व्यापार आला, पण मातीला परत काही देण्याची सोय अजून मोडलेली नव्हती.

बाजार खुला झाला तेव्हा

महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. राज्यातील सर्व कापूस सरकारने घ्यायचा आणि शेतकऱ्याला हमी द्यायची, अशी तिची कल्पना. भ्रष्टाचार, विलंब आणि तोटा यांनी ती पोखरली गेली आणि सुमारे तीन दशकांनंतर खासगी खरेदीला मोकळीक मिळाली. योजना सदोष होती यात शंका नाही. पण ती गेली तेव्हा जागतिक बाजारातील चढउतार अडवणारा बांधही गेला.

तो बाजार तरी समतल होता का? अमेरिका आपल्या मूठभर कापूस उत्पादकांना अब्जावधी डॉलरचे अनुदान देत होती. त्यामुळे तेथील कापूस उत्पादन खर्चापेक्षा कमी दराने जगात विकला जाई. २००२ मध्ये ब्राझीलने याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली आणि २००५ मध्ये अपील मंडळाचा निकाल ब्राझीलच्या बाजूने लागला. २००३ च्या कॅनकून परिषदेत बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार आफ्रिकी देशांनी कापसाचा प्रश्न लावून धरला. २०१४ मध्ये अमेरिकेने ब्राझीलला ३० कोटी डॉलर देऊन वाद मिटवला. विदर्भातील शेतकरी या खटल्यात पक्षकार नव्हता. पडलेल्या भावाचा भार मात्र त्यानेही उचलला होता.

पडलेल्या भावाचा आणि पर्यावरणाचा संबंध सरळ आहे. एकरी मिळकत घटली की शेतकरी प्रथम अशा खर्चाला कात्री लावतो ज्याचे फळ उशिरा मिळते. शेणखत, बांधबंदिस्ती, पिकांची फेरपालट, जमीन पडीक ठेवणे हे सारे मागे पडते. कर्ज फेडायचे तर रोख पैसा देणारे पीक घ्यावे लागते, आणि कोरडवाहू विदर्भात असे पीक म्हणजे पुन्हा कापूसच. भाव चढला तरी निष्पत्ती तीच होते. २०२२ मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला, तेव्हा पुढच्या हंगामात लागवड वाढली. २०२३-२४ मध्ये भाव सात हजारांच्या आसपास आला, तेव्हा हाती उरले ते वाढलेल्या खर्चाचे बिल. स्थिरता नसलेल्या बाजारात जमिनीचा दीर्घकालीन विचार करणे ही चैन ठरते.

बियाण्याच्या पिशवीतील करार

१९७० मध्ये सुरत येथे एच-४ हे जगातील पहिले व्यापारी संकरित कापूस वाण तयार झाले. तेव्हापासून भारत हा संकरित कापूस मोठ्या प्रमाणावर लावणारा एकमेव मोठा देश राहिला आहे. अमेरिका, ब्राझील, चीन, ऑस्ट्रेलिया येथे प्रामुख्याने सरळ वाण लावतात. संकरित बियाणे पुढच्या वर्षी वापरता येत नाही. ते दरवर्षी विकत घ्यावे लागते. महाग बियाणे म्हणून ते विरळ लावले जाते, झाड मोठे वाढते आणि पीक १८० दिवसांहून अधिक काळ शेतात राहते. विदर्भातील बहुतांश कपाशी पावसावर अवलंबून असते. पाऊस सप्टेंबरअखेरीस ओसरतो आणि नेमक्या बोंडे भरण्याच्या काळात हलक्या जमिनीतील ओलावा संपतो. पिकाचे वेळापत्रक आणि पावसाचे वेळापत्रक यांची फारकत झाली ती येथे.

२६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या समितीने बीटी कापसाच्या व्यापारी लागवडीस परवानगी दिली. जालन्याची महिको आणि अमेरिकेची मोन्सॅन्टो यांच्या भागीदारीतून हे तंत्रज्ञान आले. २००६ मध्ये दोन जनुकांचे दुसरे वाण आले आणि काही वर्षांतच देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस क्षेत्र बीटीखाली गेले. प्रारंभीचा लाभ खरा होता. अमेरिकन बोंडअळीचा उपद्रव घटला, त्या अळीवरच्या फवारण्या कमी झाल्या, उत्पादन वाढले आणि २०११-१२ मध्ये भारताने सुमारे १ कोटी ३० लाख गाठी कापूस निर्यात केला. तंत्रज्ञानाच्या प्रसाराने पर्यावरणाचे भले होते, या विधानाला त्या वर्षांत तरी पुरावा होता.

तो टिकला का नाही, हे निसर्गाच्या नियमावरून सांगता येते. कोणतीही कीड सतत एकाच विषाच्या संपर्कात राहिली की तिच्यातील प्रतिकारक्षम थोडक्या अळ्या वाचतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. हे लांबवण्यासाठी बीटीच्या पिशवीसोबत बिगरबीटी बियाण्याची लहान पुडी दिली जात असे; शेताच्या कडेने ती लावावी, तेथे सामान्य अळ्या जगाव्यात, हा हेतू. चार-पाच एकरांच्या शेतकऱ्याने अळीसाठी पीक राखावे, ही अपेक्षा कागदावरच राहिली. त्यातही शेंदरी म्हणजे गुलाबी बोंडअळी जवळपास केवळ कपाशीवरच जगते, त्यामुळे इतर पिकांवर तिला नैसर्गिक आसराही नव्हता. शिवाय ओलिताची सोय असलेले शेतकरी फरदड घेत, म्हणजे वेचणी झाल्यावरही पऱ्हाटी ठेवून उन्हाळ्यापर्यंत आणखी कापूस काढत. अळीला बारमाही अन्न मिळाले. पहिल्या जनुकाविरुद्धची प्रतिकारशक्ती गुजरातेत २०१० च्या सुमारास उघड झाली, दोन जनुकांच्या वाणावरही ती २०१४-१५ पासून दिसू लागली आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रात या अळीने हाहाकार उडवला.

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक डॉ. के. आर. क्रांती आणि मानववंशशास्त्रज्ञ ग्लेन स्टोन यांनी मार्च २०२० मध्ये नेचर प्लांट्स या नियतकालिकात वीस वर्षांचा आढावा घेतला. उत्पादनातील वाढीचा बीटीपेक्षा रासायनिक खतांच्या वाढत्या वापराशी अधिक संबंध दिसतो आणि शेतकरी बीटीपूर्व काळापेक्षा कीटकनाशकांवर जास्त खर्च करीत आहेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. बोंडअळीवरची फवारणी कमी झाली, पण मऊ पानांच्या संकरित वाणांवर मावा, तुडतुडे आणि पांढरी माशी यांचे फावले.

यवतमाळ, २०१७

त्या वर्षीच्या जुलै ते ऑक्टोबर या काळात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने रुग्णालयात दाखल झाले. वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. उंच वाढलेली दाट पऱ्हाटी, डोक्याच्या पातळीवर उडणारे तुषार, दमट हवा, एकापेक्षा अधिक औषधांचे मिश्रण आणि हातमोजे-मुखवट्याचा अभाव अशी कारणे पुढे आली. राज्य सरकारने विशेष चौकशी पथक नेमले आणि काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली.

या दुर्घटनेची जागतिक बाजू नंतर ठळक झाली. या प्रकरणात चर्चेत आलेल्या डायफेन्थियुरॉन या कीटकनाशकाचा वापर युरोपीय संघात आणि स्वित्झर्लंडमध्ये आधीच थांबलेला होता; निर्यात मात्र चालू होती. ऑक्टोबर २०२० मध्ये स्विस सरकारने डायफेन्थियुरॉन आणि प्रोफेनोफॉस यांसह पाच घातक कीटकनाशकांच्या निर्यातीवर बंदीचा निर्णय घेतला. आपल्या शेतात जे चालत नाही ते दुसऱ्याच्या शेतात चालते, ही दुहेरी नीती जागतिक व्यापाराने शक्य केली. आणि ती उघडकीस येताच बंदीपर्यंत प्रकरण गेले, तेही जगभर पसरलेल्या माहितीच्या व्यापारामुळेच.

पाण्याची अदृश्य निर्यात

लंडनचे भूगोलतज्ज्ञ टोनी ॲलन यांनी आभासी पाण्याची कल्पना मांडली. त्याबद्दल त्यांना २००८ चा स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. शेतमाल परदेशी जातो तेव्हा तो पिकवायला लागलेले पाणीही त्याच्यासोबत जाते, असा तिचा अर्थ. एक किलो सुती कापडामागे जगात सरासरी दहा हजार लिटर पाणी लागते, असा हिशेब सांगितला जातो. तो ऐकून कापूस म्हणजे पाणी पिणारे पीक, अशी समजूत होते. विदर्भापुरती ती फसवी आहे. येथील कपाशी पावसाचे, मातीत मुरलेले पाणी पिते. धरणाचे किंवा विहिरीचे पाणी तिच्या वाट्याला क्वचितच येते. येथे कापसाच्या गाठीतून खरे तर मातीचा कस निर्यात होतो.

भूजलाचा प्रश्न पाहायचा तर संत्र्याच्या पट्ट्यात जावे लागते. नागपुरी संत्र्याची लागवड भोसल्यांच्या काळापासूनची मानली जाते आणि २०१४ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. बागांचा मोठा विस्तार अमरावती जिल्ह्यातील वरुड, मोर्शी आणि नागपूर जिल्ह्यातील काटोल, नरखेड येथे आहे. आंबिया बहारासाठी झाडाला ताण देऊन भर उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी सुरू करावे लागते. विहिरी आटल्या तेव्हा कूपनलिका आल्या, त्या शेकडो फूट खोल गेल्या आणि वरुड-मोर्शी परिसर भूजलाच्या अतिशोषणासाठी ओळखला जाऊ लागला.

या संत्र्याचा मोठा परदेशी ग्राहक बांगलादेश. २०१९ नंतर त्या देशाने आयातशुल्क वर्षागणिक वाढवत नेले, ते अनेकपट झाले आणि निर्यात रोडावली. ढाक्यातील एका अर्थसंकल्पी निर्णयाने वरुडच्या मंडीत भाव पडले. संत्रे हे चार महिन्यांचे पीक नाही. झाड लावल्यावर फळ येण्यास पाच-सहा वर्षे जातात आणि बाग पंधरा-वीस वर्षे टिकते. जमिनीखालचे पाणी एकदा खर्चिले की परत येत नाही, बाजार मात्र एका अधिसूचनेत जातो. एकाच गिऱ्हाइकावर विसंबून भूजल उपसण्यातील धोका याहून स्पष्ट दिसणार नाही.

सोयाबीनचे तेल, पामचे जंगल

कापसाला पर्याय म्हणून ऐंशी-नव्वदच्या दशकांत विदर्भात सोयाबीन पसरले. ते कडधान्य कुळातील, हवेतील नत्र जमिनीत स्थिर करणारे आणि लवकर निघणारे पीक. पर्यावरणाच्या दृष्टीने हा बदल चांगला वाटावा असाच होता. पण सोयाबीनने जागा घेतली ती मुख्यतः ज्वारीची. कडबा गेला, चारा महागला, जनावरे घटली आणि शेणखताचा पुरवठा आटला. सोयाबीनची पेंड परदेशी कोंबड्या-डुकरांच्या खाद्यासाठी निर्यात होऊ लागली.

दुसऱ्या बाजूने १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाली. आज भारत आपल्या गरजेचे निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो आणि त्यात मोठा वाटा इंडोनेशिया-मलेशियातील पामतेलाचा आहे. तेथे पामच्या मळ्यांसाठी वर्षावने तुटली. म्हणजे नागपूरच्या एखाद्या खानावळीतील तळणीचा संबंध एकीकडे बोर्निओच्या जंगलाशी आणि दुसरीकडे उमरेड-भिवापूरच्या सोयाबीनशी असतो. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयातशुल्क २० टक्के केले आणि मे २०२५ अखेरीस ते १० टक्क्यांवर आणले. शहरी ग्राहकाला स्वस्त तेल आणि शेतकऱ्याला रास्त भाव, या दोहोंत सरकारचा तराजू बहुधा पहिल्या बाजूला झुकतो. तेलबिया परवडेनाशा झाल्या की शेतकरी पुन्हा कपाशीकडे वळतो आणि फेरपालटीचे चक्र तुटते.

निकषांची दुसरी बाजू

जागतिक व्यापार हा पर्यावरणाचा शत्रूच, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. नाशिकच्या द्राक्षांचे उदाहरण पाहावे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचे अवशेष आढळल्याने युरोपने भारतीय द्राक्षे नाकारली. बागाईतदारांना मोठा फटका बसला. पण त्यानंतर प्रत्येक बागेची नोंदणी, अवशेषांची तपासणी आणि कोणते औषध केव्हा मारायचे याची शिस्त अधिक काटेकोर झाली. परक्या ग्राहकाच्या आरोग्यासाठी घातलेल्या अटीने आपल्या बागेतील विष कमी झाले.

कापसाच्या बाबतीत असे का घडले नाही? कारण द्राक्ष खाल्ले जाते, कापूस नेसला जातो. कापडात कीटकनाशक किती उतरले हे कोणी मोजत नाही, आणि गाठ जिनिंगमध्ये बांधली गेली की ती कोणत्या शेतातली याचा माग राहत नाही. खरे तर सरकीचे तेल माणूस खातो आणि सरकीची पेंड दुभती जनावरे. पण त्या बाजाराला युरोपसारखा कडक ग्राहक नाही. निकष आपोआप येत नाहीत. जेथे ग्राहक नाव-गाव विचारतो, तेथेच ते येतात.

हे चित्रही आता बदलू लागले आहे. युरोपीय संघाने २०२३ मध्ये जंगलतोडीशी संबंधित मालावर निर्बंध घालणारा कायदा केला. त्यात पामतेल आणि सोयाबीन आहेत, कापूस नाही. २०२४ च्या दुसऱ्या कायद्यानुसार कापडासह अनेक वस्तूंना त्यांच्या निर्मितीची माहिती देणारा डिजिटल दाखला लागणार आहे. भारतानेही २०२० मध्ये कस्तुरी कॉटन या नावाने दर्जा आणि माग यांवर आधारित ओळख जाहीर केली. या कागदपत्रांचा खर्च जर शेवटी पाच एकरांच्या शेतकऱ्यावर पडला, तर निकष हेच नवे आयातशुल्क ठरेल. तो खर्च साखळीतील मोठ्यांनी उचलला, तर विदर्भाला ती संधी आहे.

२०२५ चा धडा

१९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्राने कापसावरील सुमारे ११ टक्के आयातशुल्क माफ केले आणि ही सवलत नंतर ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. अमेरिकेने २७ ऑगस्टपासून भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावल्याने अडचणीत आलेल्या वस्त्रोद्योगाला दिलासा द्यावा, हा हेतू होता. पण दसरा-दिवाळीचा कापूस घरात येण्याचा काळ तोच. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये जाहीर झाला होता. खुल्या बाजाराने तो गाठला नाही आणि शेतकऱ्यांची भिस्त पुन्हा भारतीय कपास निगमच्या खरेदी केंद्रांवर राहिली. एके काळी जगाला कापूस पुरवणारा देश २०२४-२५ मध्ये निर्यातीपेक्षा अधिक कापूस आयात करणारा झाला होता. भारताची हेक्टरी उत्पादकता साडेचारशे किलो रुईच्या आसपास अडकली आहे. जगाची सरासरी साडेसातशे किलोच्या पुढे आहे. त्याच त्या मातीतून अधिक काढण्याचा मार्ग बियाणे-खत-औषध यांच्या वाढत्या मात्रेने संपत आला, याची ही कबुलीच आहे.

काय करता येईल

उपाय नागपूरच्या परिसरातच उपलब्ध आहेत. केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांनी कमी दिवसांत येणारे, दाट लावता येणारे सरळ वाण विकसित केले आहेत. असे पीक १५० दिवसांच्या आत निघते, ओलावा संपण्यापूर्वी बोंडे भरतात आणि गुलाबी अळीच्या मुख्य हल्ल्यातून ते बरेचसे सुटते. सरळ वाणाचे बियाणे शेतकऱ्याला घरी राखता येते. त्यामुळेच बियाण्याच्या व्यापाराला त्यात रस कमी. येथे सार्वजनिक संस्थांनी बियाणे पुरवण्याची जबाबदारी घेणे अपरिहार्य आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात कापूस उत्पादकतेसाठी पाच वर्षांचे अभियान जाहीर झाले आहे. त्याचा पैसा वाणांवर आणि मातीवर जातो की पुन्हा एका महागड्या पिशवीवर, हे पाहिले पाहिजे.

फरदड बंद करणे, डिसेंबरअखेर शेत मोकळे करणे, कपाशीत तूर-मूग-ज्वारी परत आणणे, पऱ्हाटी न जाळता कुजवणे, उताराला आडवी पेरणी करणे, ही कामे शेतकऱ्याच्या आवाक्यातली आहेत. पण भावाची हमी असेल तरच. यवतमाळचे सुभाष शर्मा यांनी अनेक वर्षे रसायनांविना शेती करून माती, पाणी आणि झाडांचा मेळ घालून दाखवला. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. असे एक उदाहरण उभे करायला एका माणसाचा निर्धार पुरतो, हजार उदाहरणे उभी करायला धोरण लागते. आयातशुल्काचे निर्णय पेरणीपूर्वी जाहीर करून हंगामभर न बदलणे, हे त्या धोरणातले पहिले आणि बिनखर्चाचे पाऊल ठरेल.

वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम पाहणारे जे. सी. कुमारप्पा यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात टिकाऊ अर्थव्यवस्थेचा विचार मांडला होता. शाश्वत विकास हा शब्द जगाने उचलला त्याच्या चार दशके आधी आणि नागपूरपासून ऐंशी किलोमीटरच्या आत ही मांडणी झाली. निसर्गाकडून घेतलेले त्याला परत मिळते की नाही, ही त्यांची कसोटी होती. ती आज विदर्भाच्या कापसाला लावली तर उत्तर काय येते, हे उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या रानात उभे राहिल्यावर कळते.

शहरातील वाचकाला हा प्रश्न दूरचा वाटू शकतो. पण स्वस्त सदरा, स्वस्त तेल आणि मोसमाबाहेरचे फळ आपण घेतो, तेव्हा त्या बिलातील न भरलेली रक्कम कोणाच्या तरी जमिनीवर मांडलेली असते. ती रक्कम व्यापार बंद करून फिटणार नाही. कापूस पिकवणाऱ्याला भाव, फवारणाऱ्याला संरक्षण आणि मातीला तिचा परतावा, हे तिन्ही व्यापाराच्या हिशेबात धरले, तरच वऱ्हाडचा कापूस आणखी शंभर वर्षे पिकेल.